चित्रकार्डांमागील माणसे

वस्तू लहान असली म्हणून तिची कथाही लहान असते असे नाही. टपालाची तिकिटे, काडेपेटीवरील छाप, जुनी नाणी जमविण्याचा छंद तुमच्यापैकी कित्येकांना असेल. अमेरिकेतील मुलांना असाच एक छंद शंभराहून अधिक वर्षांपासून जडलेला आहे. तो म्हणजे बेसबॉलपटूंची चित्रकार्डे जमविण्याचा.

बेसबॉल हा तेथील अत्यंत आवडता खेळ. आपल्या क्रिकेटप्रमाणे त्यातही एकजण चेंडू फेकतो व दुसरा तो लाकडी दांड्याने टोलवितो. मात्र धाव घ्यावयाची ती चौकोनाच्या चार कोपऱ्यांना वळसा घालून. या कोपऱ्यांना 'बेस' म्हणतात. एकामागून एक बेस गाठीत खेळाडू मूळ जागी परतला, की एक धाव पुरी होते. आणि टोलविलेला चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला, की त्यास 'होम रन' असे म्हणतात.

या खेळाडूंची चित्रकार्डे प्रथम निघाली ती मुलांसाठी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत. आतील सिगारेटी वाकू अगर मोडू नयेत म्हणून कारखानदार त्यांत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. या कोऱ्या तुकड्यावर एखादे चित्र छापले तर गिऱ्हाईक आपल्याच मालाकडे वळेल, ही युक्ती त्यांना लवकरच सुचली. मग नट, नटी, पशुपक्षी, राष्ट्रांची निशाणे आणि बेसबॉलपटू त्या तुकड्यांवर अवतरले. मोठी माणसे सिगारेट ओढीत, आणि मुले दुकानाच्या दाराशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे चित्रांची याचना करीत. पुढे ही कार्डे मिठाईबरोबर व चघळावयाच्या गोंदाबरोबर मिळू लागली. कार्डाच्या एका बाजूस खेळाडूचे चित्र आणि पाठीवर त्याच्या पराक्रमाचे आकडे, असे त्यांचे रूप हळूहळू ठरून गेले.

परंतु चित्रात चेहरा दिसतो, आकड्यांत पराक्रम दिसतो. माणूस त्यात कितीसा दिसतो? अशाच काही कार्डांमागील माणसांची आज आपण ओळख करून घेऊ.

पहिला होनस वॅग्नर. त्याचा जन्म १८७४ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग या पोलादाच्या नगरीजवळ झाला. आईबाप जर्मनीतून आलेले, घरची स्थिती गरिबीची. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांबरोबर व भावांबरोबर कोळशाच्या खाणीत कामास जाऊ लागला. अंग थोराड, पाय काहीसे धनुष्याप्रमाणे वाकलेले, हात फावड्यासारखे रुंद. त्याला पाहून हा चपळ खेळाडू असेल असे कोणास वाटले नसते. तथापि मैदानावर तो वाऱ्यासारखा धावे. पिट्सबर्गच्या पायरेट्स या संघाकडून खेळत असता फलंदाजांच्या सरासरीत आपल्या लीगमध्ये तो आठ वेळा पहिला आला. १९३६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी पहिले पाच खेळाडू निवडण्यात आले, त्यांत त्याचा समावेश होता.

१९०९ साली अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची रंगीत चित्रकार्डे देण्यास प्रारंभ केला. १९११ पर्यंत या मालेत पाचशेहून अधिक निरनिराळी कार्डे निघाली. वॅग्नरसारखा खेळाडू वगळून कसे चालेल? त्याची संमती मिळवून देण्याचे काम कंपनीने पिट्सबर्गच्या जॉन ग्रुबर नामक वार्ताहरावर सोपविले, व संमती आणल्यास त्याला दहा डॉलर देऊ केले. वॅग्नरने ग्रुबरला उत्तर पाठविले. सिगारेटच्या पाकिटात आपले चित्र नको, असे त्याने त्यात कळविले होते. एवढेच करून तो थांबला नाही. आपल्या नकारामुळे या बिचाऱ्या वार्ताहराचे दहा डॉलर बुडणार, हे ध्यानात घेऊन त्याने पत्रासोबत तेवढ्याच रकमेचा धनादेश जोडला! हा वृत्तान्त १९१२ साली एका क्रीडापत्रात प्रसिद्ध झाला.

वॅग्नरने नकार का दिला, याविषयी दोन मते आहेत. आपले चित्र मिळावे म्हणून मुलांनी सिगारेट विकत घ्यावी हे त्याला रुचले नाही, असे एक मत. त्याला पुरेसा मोबदला हवा होता, असे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळीत असे, ही गोष्ट दुसऱ्या मताचे लोक पुढे करतात. पण ज्याला पैशाचाच लोभ आहे, तो दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई स्वतःच्या खिशातून कशाला करील? शिवाय स्वतःस जडलेली सवय मुलांस जडू नये असे वाटणे, यात अस्वाभाविक असे काय आहे? या प्रश्नाचा विचार तुम्हीच करावा. कंपनीने त्याच्या कार्डाची छपाई थांबविली, तोपर्यंत थोडी कार्डे बाहेर पडली होती. आज त्यांपैकी सुमारे पन्नास-साठच शिल्लक असल्याचे ज्ञात आहे. १९५५ साली वॅग्नर वारला. २०२२ साली त्याचे एक कार्ड साडेबाहत्तर लाख डॉलरांस विकले गेले. ज्या चित्रास त्याने नकार दिला, त्याचे मोल त्या नकारामुळेच एवढे वाढले, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा!

वॅग्नरचे कार्ड दुर्मिळ खरे. पण जोश गिब्सन याचे कार्ड तर मोठ्या कंपन्यांनी त्याच्या हयातीत काढलेच नाही. १९०९ ते १९११ च्या त्या मालेतील पाचशेहून अधिक कार्डे एकापुढे एक मांडली, तरी त्यांत एकही कृष्णवर्णीय चेहरा आढळणार नाही. याचा अर्थ कृष्णवर्णीय लोक बेसबॉल खेळत नव्हते असा मात्र नाही. मोठ्या संघांच्या मालकांनी त्यांना आपल्या संघांत न घेण्याचा अलिखित करारच केला होता. म्हणून त्यांनी आपले संघ स्वतंत्र काढले आणि आपले सामने स्वतंत्र भरविले. रात्ररात्र बसगाडीतून प्रवास करावा, गावी पोचल्यावर उपाहारगृहाने व खानावळीने दार लावून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर मात्र उत्तम खेळ करून दाखवावा, असे त्यांचे जिणे होते.

जोश गिब्सनचा जन्म १९११ साली जॉर्जिया राज्यात झाला. पुढे त्याचे कुटुंब पिट्सबर्गला येऊन राहिले. तेथील क्रॉफर्ड्स व होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या संघांतून तो खेळला. त्याने टोलविलेला चेंडू किती दूर जाई, याच्या कथा लोक वर्षानुवर्षे सांगत. परंतु त्याच नगरीतील पायरेट्सच्या संघाचे दार त्याला बंद होते. मोठ्या कंपन्यांनी त्याच्या हयातीत त्याचे एकही कार्ड काढले नाही. १९४७ च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, गिब्सन मरण पावला. त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला, आणि साठ वर्षांची ती भिंत कोसळली. गिब्सनला अवघे तीन महिने कमी पडले! त्याच्या थडग्यावर नावाचा दगडदेखील नव्हता. तो बसविला गेला १९७५ साली.

पण सत्य फार काळ झाकून ठेवता येत नाही. कृष्णवर्णीयांच्या सामन्यांचे वृत्तान्त जुन्या वृत्तपत्रांत विखुरलेले होते. संशोधकांनी अनेक वर्षे खपून ते एकत्र केले, एकेका फटक्याची नोंद पडताळली. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल मंडळाने या नोंदी आपल्या अधिकृत नोंदींत समाविष्ट केल्या, तेव्हा काय दिसून आले? तोपर्यंत सर्व काळातील श्रेष्ठ सरासरी टाय कॉब या खेळाडूची मानली जाई. दर हजार संधींमागे ३६७ यशस्वी फटके, अशी ती होती. गिब्सनची सरासरी ३७२ भरली. १९०९ च्या मालेत टाय कॉबची चार निरनिराळी चित्रे आहेत. ज्याने त्याला मागे टाकले, त्याचे चित्र छापण्यास मात्र कोणास सवड झाली नव्हती.

आता मिकी मँटलची कथा ऐका. याचा जन्म १९३१ साली ओक्लाहोमा राज्यात झाला. वडील शिसे व जस्त यांच्या खाणीत काम करीत. आपला मुलगा खाणीच्या अंधारात न जाता बेसबॉलच्या मैदानावर चमकावा, ही त्यांची एकच आकांक्षा. त्यांनी मुलाचे नावदेखील एका नामांकित खेळाडूच्या नावावरून ठेवले. खाणीतून दमूनभागून परत आल्यावर ते मिकीला चेंडू टाकीत. वडील उजव्या हाताने चेंडू टाकीत आणि आजोबा डाव्या हाताने, म्हणून मिकी दोन्ही बाजूंनी उभा राहून खेळावयास शिकला.

१९५१ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आतच, तो न्यूयॉर्कच्या यांकीज या विख्यात संघात दाखल झाला. त्याच वर्षी अजिंक्यपदाच्या सामन्यात चेंडूमागे धावताना त्याचा पाय मैदानातील पाण्याच्या निचऱ्याच्या झाकणात अडकला व गुडघा दुखावला. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या दारी गाडीतून उतरताना त्याने वडिलांच्या खांद्यावर भार टाकला, तोच वडील खाली कोसळले. मुलाचा भार पेलण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. ते किती आजारी आहेत, हे मिकीला तेव्हा समजले. बापलेक एकाच खोलीत शेजारी शेजारी पडून राहिले. १९५२ च्या मे महिन्यात वडील वारले.

त्याच वर्षी टॉप्स या कंपनीने मँटलचे ३११ क्रमांकाचे कार्ड काढले. त्या वर्षीच्या कार्डांची आखणी साय बर्गर नावाच्या कर्मचाऱ्याने आपल्या एका सहकाऱ्याच्या साहाय्याने घरातील स्वयंपाकघराच्या मेजावर बसून केली होती. मँटलचे कार्ड ज्या शेवटच्या गटात होते, तो गट बाजारात आला तेव्हा बेसबॉलचा हंगाम सरत आला होता. पेट्याच्या पेट्या पडून राहिल्या. अखेर १९६० साली बर्गरने त्या एका कचऱ्याच्या पडावावर चढविल्या आणि अटलांटिक महासागरात नेऊन बुडविल्या. असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. जे कार्ड त्या वेळी फुकटही कोणास नको होते, त्याच क्रमांकाचे एक उत्तम स्थितीतील कार्ड २०२२ साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरांस विकले गेले. कोणत्याही क्रीडाकार्डास तोपर्यंत इतकी किंमत आली नव्हती.

कार्डावरील तरुण मँटल उत्साहाने भरलेला दिसतो. त्याने ५३६ होम रन काढल्या, सात वेळा संघास अजिंक्यपद मिळवून देण्यात भाग घेतला. परंतु मद्यपानाच्या व्यसनाने त्याच्या देहाची नासाडी केली. १९९५ साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी, तो पत्रकारांसमोर येऊन बसला. देह झिजून गेला होता. आपण मुलांपुढचा आदर्श नाही, माझ्यासारखे होऊ नका, असे त्याने सर्वांदेखत सांगितले. देशभरच्या मुलांनी ज्याची पूजा केली, त्याने हे बोलावयास किती धैर्य लागले असेल! होम रनांच्या आकड्यांत हा पराक्रम कोठेही नोंदलेला नाही.

पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाचा आणखी एक खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर १९३४ साली तो जन्मला. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम होते. १९५५ साली क्लेमेंटे पायरेट्सकडून खेळू लागला. त्याची मातृभाषा स्पॅनिश. त्याच्या इंग्रजी उच्चारांची वार्ताहर टर उडवीत आणि ते जसेच्या तसे वृत्तपत्रांत छापीत. १९५७ पासून पुढे कित्येक वर्षे कार्डांवर त्याचे नाव 'बॉब क्लेमेंटे' असे छापले जात होते. अमेरिकन लोकांच्या जिभेस ते सोपे वाटे. क्लेमेंटेने मात्र आपले नाव रॉबर्टो आहे, हे सांगण्याचे कधी सोडले नाही. १९७१ साली त्याच्या संघाने अजिंक्यपद जिंकले. दूरचित्रवाणीवर मुलाखत चालू असता त्याने प्रथम स्पॅनिशमध्ये बोलून आपल्या आईवडिलांचे आशीर्वाद मागितले. पोर्तो रिकोच्या घराघरांतून लोकांनी ते शब्द ऐकले. आपले नाव व आपली भाषा जपणे म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी कळले असेल.

१९७२ च्या ३० सप्टेंबरला क्लेमेंटेने आपला तीन हजारावा यशस्वी फटका मारला. त्या डिसेंबरात निकाराग्वा देशाच्या राजधानीत प्रचंड भूकंप झाला. क्लेमेंटेने मदत गोळा करून विमानांनी पाठविली. पण ती भलत्याच लोकांच्या हाती पडत असल्याचे त्याच्या कानी आले. आपण स्वतः गेलो तर कोणी ती लुबाडणार नाही, असे त्याला वाटले. ३१ डिसेंबरच्या रात्री, लोक नववर्षाच्या स्वागताची तयारी करीत असता, अन्नधान्याने वाजवीपेक्षा अधिक लादलेल्या विमानातून तो निघाला. विमान थोड्याच वेळात समुद्रात कोसळले. त्याचा देह सापडला नाही. तीन हजार हा त्याच्या फटक्यांचा आकडा तेथेच कायमचा थांबला. निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्यावाचून कीर्तिमंदिरात प्रवेश नाही, हा नियम त्याच्यासाठी बाजूस ठेवून १९७३ साली त्याला तेथे स्थान देण्यात आले.

आता शेवटची कथा एका अशा माणसाची, की जो कधी खेळाडू नव्हता. जेफर्सन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरी विजेच्या उपकरणांचे भाग जोडणारा साधा कामगार. संधिवाताने त्याची बोटे वाकडी झाली होती. संसार केला नाही, धन साठविले नाही. साठविली ती कागदाची चित्रे. लोक ज्यास केर समजून टाकून देत, त्यात त्याला त्या काळचे जग दिसे. त्याने हजारो कार्डांचे वर्गीकरण केले व त्यांची पहिली मोठी सूची तयार केली. वॅग्नरचे कार्ड ज्या मालेत निघाले, त्या मालेस 'टी-२०६' हे नाव त्याच्या सूचीतूनच मिळाले.

१९४७ पासून बर्डिकने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास देण्यास आरंभ केला. तीन लाखांहून अधिक तुकडे, आणि ते क्रमवार चिकटवहीत लावण्याचे काम त्याने स्वतःच अंगावर घेतले. वेदना वाढत होत्या, अंगरखा चढविणेदेखील कठीण झाले होते. तरी संग्रहालयातील आपल्या मेजावर तो वर्षानुवर्षे चित्रे चिकटवीत राहिला. १९६३ च्या जानेवारीत त्याने शेवटचे चित्र लावले आणि संग्रहालयाचा निरोप घेतला. मार्च महिन्यात तो मरण पावला. त्या संग्रहात वॅग्नरचे कार्डही आहे. लाखो डॉलर ज्याचे मोल येते, ते त्याने सर्वांस पाहावयास मिळावे म्हणून देऊन टाकले.

बालमित्रांनो, बाजारात एखाद्या कागदाच्या तुकड्यास किती किंमत येईल, हे तो किती दुर्मिळ आहे यावर ठरते. माणसाची योग्यता तशी ठरत नाही. दहा डॉलरांचा धनादेश जोडणारा वॅग्नर, दारे बंद असूनही खेळत राहिलेला गिब्सन, आपले चुकले असे जगापुढे सांगणारा मँटल, परक्यांच्या दुःखासाठी रात्री निघालेला क्लेमेंटे आणि वाकड्या बोटांनी त्यांच्या चित्रांचे जतन करणारा बर्डिक, यांची योग्यता कोणत्या लिलावात ठरणार? यापुढे तुमच्या संग्रहात एखादे नवे चित्र आले, म्हणजे ते उलटून पाहा. पाठीवर जे छापलेले असेल ते वाचा. आणि जे छापलेले नाही, त्याचा शोध घ्या.

स्वाध्याय

१. सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाचा तुकडा का घालीत? त्यावर चित्रे छापण्याची युक्ती कारखानदारांना कशासाठी उपयोगी पडली?

२. वॅग्नरच्या नकाराविषयीची दोन मते सांगा. तुम्हांस कोणते पटते? सकारण लिहा.

३. 'गिब्सनला अवघे तीन महिने कमी पडले!' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.

४. कार्डावर 'बॉब' छापले गेले, तरी क्लेमेंटेने आपले नाव रॉबर्टो असल्याचे सांगणे का सोडले नाही?

५. पुढील शब्दसमूहांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : छंद जडणे, टर उडविणे, अंगावर घेणे, बाजूस ठेवणे.

६. तुमच्या घरातील एखादी जुनी, लहानशी वस्तू निवडा. वडीलधाऱ्यांना विचारून तिची कथा दहा ओळींत लिहा.